पटसंख्येचे अर्थशास्त्र

(शिक्षक व पालक यांच्या एका मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाला शिक्षणशास्त्राच्या एखाद्या अभ्यासकाने अधिक न्याय दिला असता. माझे आयुष्य अर्थशास्त्र शिकविण्यात गेले आणि प्राथमिक शाळेच्या वर्गावर मी कधी उभा राहिलेलो नाही. तरीही हे निमंत्रण मी स्वीकारले, याचे कारण असे की शाळांविषयीचे शासकीय निर्णय गेल्या काही वर्षांत ज्या भाषेत लिहिले जात आहेत ती भाषा शिक्षणाची नसून जमाखर्चाची आहे. पट, मंजूर पदे, अतिरिक्त शिक्षक, समायोजन हे तिचे शब्द. हा जमाखर्च तरी बरोबर मांडला आहे की नाही, एवढे तपासण्याचा अधिकार अर्थशास्त्राच्या शिक्षकाला असावा असे मी समजतो.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. शाळा मुलाच्या घराजवळ असणे, त्या शाळेत पुरेसे शिक्षक असणे आणि ज्या मुलाला अधिक साहाय्याची गरज आहे त्याला ते मिळणे, हे तीन प्रश्न सरकारदरबारी तीन वेगळ्या टेबलांवर हाताळले जातात. वस्तुतः तो एकच प्रश्न आहे. आणि तिन्ही टेबलांवर मोजमापाचे एकच एकक वापरले जात आहे. ते एकक म्हणजे मुलांची सरासरी डोकी. घोटाळ्याचे मूळ तेथे आहे.

प्रथम शाळांच्या संख्येकडे वळू. २०१७ च्या अखेरीस राज्य सरकारने दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून त्यांतील मुलांना जवळच्या शाळांत पाठविण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागविले. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ ही त्यासाठी पुढे केलेली नमुन्याची उदाहरणे. त्या वेळी जे आकडे प्रसिद्ध झाले ते असे : वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा सुमारे १४ हजार ८००, त्यांतील विद्यार्थी सुमारे १ लाख ८५ हजार आणि शिक्षक सुमारे २९ हजार ७००. भागाकार केला की एका शाळेत साडेबारा मुले आणि एका शिक्षकामागे सहा मुले. मुंबईच्या एखाद्या वर्गात साठ-सत्तर मुले कोंबलेली पाहणाऱ्या माणसाला ही चैन वाटेल. मंत्रालयातील अधिकाऱ्यालाही ती तशीच वाटली, यात नवल नाही.

परंतु हाच भागाकार दुसऱ्या बाजूने करून पाहा. एका शाळेमागे शिक्षक दोन. पहिली ते चौथी अथवा पाचवी असे वर्ग चार किंवा पाच. म्हणजे प्रत्येक शिक्षक एकाच वेळी दोन किंवा त्याहून अधिक इयत्ता सांभाळतो. त्यांतला एक जण मुख्याध्यापकाचे कागद, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती आणि तालुक्याच्या बैठका पाहतो. ज्या दिवशी तो बैठकीला गेला त्या दिवशी ती शाळा एकशिक्षकी होते. सहा मुलांमागे एक शिक्षक हे कागदावरचे चित्र. एका शिक्षकापुढे पाच इयत्तांची बारा मुले हे वर्गातले चित्र. दोन्ही चित्रे एकाच आकड्यातून निघतात. निर्णय मात्र पहिल्या चित्रावर घेतला जातो.

अर्थशास्त्रात अविभाज्यतेची एक कल्पना आहे. काही साधने तुकड्यातुकड्यांनी पुरविता येत नाहीत. अर्धा पूल बांधून अर्धी नदी ओलांडता येत नाही. शिक्षक हे तसे साधन आहे. तीस मुलांमागे एक या प्रमाणाचा अर्थ बारा मुलांमागे दोन-पंचमांश शिक्षक असा होऊ शकत नाही. शिक्षणहक्क कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होते. म्हणूनच २००९ च्या त्या कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत असे म्हटले आहे. मुले बारा आहेत म्हणून एक शिक्षक चालेल असे म्हटलेले नाही. सहावी ते आठवीसाठी तर वर्गामागे किमान एक शिक्षक, आणि तोही विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा या तिन्ही गटांना स्वतंत्र शिक्षक मिळेल अशा बेताने, असे स्पष्ट लिहिलेले आहे. प्रमाण हे मुलाच्या संरक्षणासाठी घातलेले कुंपण होते : याहून अधिक मुले एका शिक्षकाच्या गळ्यात बांधू नका, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे तेच प्रमाण उलटे फिरवून शिधावाटपाचे माप केले गेले. इतकी मुले आणा, मग शिक्षक देऊ. मुलाने शिक्षक कमवावा लागतो.

शाळा बंद केल्याने पैसा वाचतो, हेही गृहीत धरून चालण्यासारखे नाही. शाळा बंद झाली तरी तिथला शिक्षक कायम सेवेत असतो. तो ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याचे अन्यत्र समायोजन करावे लागते. त्याचा पगार सुरूच राहतो. शाळेच्या खर्चाचा सर्वांत मोठा भाग पगाराचा, आणि तो भाग तर जागच्या जागी राहिला. खडू-फळा आणि दुरुस्तीचे किरकोळ अनुदान तेवढे वाचले, आणि समूह शाळेसाठी गाडी लावायची तर डिझेल, चालक आणि गाडीची दुरुस्ती यांचा नवा खर्च वाढला. खरी बचत होते ती पुढे, शिक्षक निवृत्त झाल्यावर त्याची जागा न भरता. म्हणजे ही बचत शाळा एकत्र केल्याची नव्हे. पद मारल्याची आहे. ती तशीच उघडपणे सांगावी, गुणवत्तेचे आणि मुलांच्या ‘सामाजिकीकरणा’चे नाव तिला देऊ नये.

आणि जो खर्च सरकारच्या वहीतून गेला तो नाहीसा झाला असे समजू नका. तो दुसऱ्या वहीत गेला. मुलाला पोचविण्या-आणण्यासाठी बुडालेली आईची अर्धी मजुरी, ओढ्याला पाणी आले की घरी राहिलेले दिवस, आणि ‘इतक्या लांब पोरीला कशाला पाठवायचे’ म्हणून सातवीच्या आत थांबलेले शिक्षण, या रकमा कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाहीत. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असे ठरले, ते काही उगाच नव्हे. सहा वर्षांच्या मुलाचे पाय किती चालतात याचा तो हिशेब होता.

इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीची हकीकत आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. धरणामुळे विस्थापित झालेल्या आदिवासी कुटुंबांची ही वस्ती. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेथील शाळा बंद करून मुलांना दूरच्या शाळेत पाठविण्याचा घाट घातला गेला, तेव्हा ती मुले बकऱ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर गेली आणि ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ अशी मागणी त्यांनी केली. वर्तमानपत्रांनी ती बातमी गमतीदार छायाचित्रासह छापली. मला तिच्यात गंमत दिसली नाही. वस्तीतली शाळा गेली की मूल दूरच्या शाळेत जात नाही, ते बकऱ्यांमागे जाते, हे अर्थशास्त्राचे साधे विधान त्या मुलांनी आपल्यापेक्षा नेमक्या शब्दांत मांडले होते. याच महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात ‘कुरणशाळा’ चालविल्या. मुले गुरे राखायला जातात ना, मग शाळाच कुरणावर नेऊ, असा तो विचार होता. शाळा बकऱ्यांकडे जात होती. आता बकऱ्यांना कचेरीत यावे लागते.

पैसा नाही, हा युक्तिवाद तर शंभर वर्षांहून जुना आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा सरकारी महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी होतो, हेच त्यांचे गाऱ्हाणे होते. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी त्यांनी त्यात केली. नामदार गोखल्यांचे १९११ चे प्राथमिक शिक्षण विधेयक पुढील वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले, तेव्हाही खर्चाचा बाऊ करण्यात आला होता. त्यानंतर पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केले. ब्रिटिश साम्राज्यापाशी नसलेला पैसा एका करवीर दरबारापाशी होता, असे कोणी म्हणणार नाही.

आता शिक्षकांच्या पदांविषयी. २००० साली ‘शिक्षणसेवक’ योजना आली. पात्र शिक्षकाने पहिली तीन वर्षे मानधनावर काम करावे. प्राथमिक शाळेत ते मानधन महिना ३,००० रुपये होते. पुढे ते ६,००० झाले आणि २०२३ मध्ये १६,०००. मे २०१२ मध्ये शिक्षकभरतीवरच बंदी आली. ‘पवित्र’ ही संगणकीय प्रणाली २०१७ मध्ये आली, पण प्रत्यक्ष नेमणुका होईतो आणखी काळ लोटला. दरम्यान गावोगाव निघालेल्या डी.एड. महाविद्यालयांतून हजारो मुले-मुली पदविका घेऊन बाहेर पडत होती. त्यांतली अनेक वयाची मर्यादा ओलांडून गेली. काही बँकेच्या वसुलीला लागली, काही शेतीवर परतली. ती महाविद्यालये कोणाच्या मालकीची होती आणि त्यांना परवानगी कोणी दिली, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आज तो सोडून देतो.

रिकाम्या जागा आणि घटणारा पट यांचा परस्परसंबंध मात्र सोडून देता येणार नाही. स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्डाल यांनी दारिद्र्याचे विवेचन करताना चक्राकार कार्यकारणाची कल्पना मांडली होती : एक उणीव दुसरीला जन्म देते आणि दुसरी पहिलीला बळ देते. जिल्हा परिषदेच्या शाळांना हे विवेचन तंतोतंत लागू पडते. जागा भरली जात नाही म्हणून एका शिक्षकाकडे तीन इयत्ता येतात. त्यात निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे आणि प्रशिक्षणे. ऐपत असलेला पालक हे पाहतो आणि मुलाला तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवितो. पट घटतो. घटलेल्या पटावर संचमान्यता होते आणि आणखी एक पद जाते. चक्र पूर्ण फिरले. आता अधिकारी म्हणतो, पालकांनाच ही शाळा नको आहे, आम्ही काय करणार?

या ठिकाणी विरुद्ध पक्षाचे जे म्हणणे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. पट घटण्याचे सगळे खापर सरकारवर फोडता येणार नाही. महाराष्ट्रातील जननदर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ वर आलेला दिसतो. मुलेच कमी जन्मत आहेत आणि तरुण कुटुंबे शहरांकडे जात आहेत. दुसरे असे की पटाविषयी सरकारला संशय येण्यास आपल्यातलेच काही जण कारणीभूत आहेत. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली तेव्हा लाखो नावे बनावट निघाली. त्या नावांवर तुकड्या, पदे आणि अनुदाने उचलली जात होती. हा उद्योग करणारे संस्थाचालक कोणत्या पक्षांचे होते, याचा उच्चार न केलेला बरा. सगळ्याच पक्षांचे होते. पण त्या लबाडीची शिक्षा कोणाला झाली? हजेरीपटावर खोटी नावे लिहिणाऱ्यांना क्वचितच. पुढे आधार क्रमांक जुळलेल्या मुलांवरच संचमान्यता करण्याचा प्रघात पडला आणि ज्या भटक्या कुटुंबातल्या मुलापाशी आधारकार्ड नाही, किंवा कार्डावर नाव चुकले आहे, ते वर्गात बसलेले असूनही मोजणीतून गळू लागले. खोट्या मुलांना वगळण्यासाठी लावलेल्या चाळणीतून खरी मुले खाली पडली.

शिवाय मुले कमी होणे ही आपत्ती का मानावी? ज्या राज्याला चाळीस वर्षे वर्गखोल्या पुरल्या नाहीत, त्याला आता आहेत त्याच शिक्षकांकडून प्रत्येक मुलाकडे अधिक लक्ष देण्याची संधी प्रथमच येत आहे. दुबळ्या मुलांना वेगळा वेळ देणे, अपंग मुलाला सामावून घेणे, वाचनात मागे पडलेल्या मुलाला हात देणे, हे सारे लहान वर्गातच शक्य असते. हीच संधी बचतीच्या नावाखाली परत केली जात आहे.

सरकारच्या धोरणातील एक विसंगती तर नजरेत भरण्यासारखी होती. शिक्षणहक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांना द्यावयाच्या असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी अथवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेवर ही जबाबदारी नाही. म्हणजे गरिबाच्या मुलासाठी सरकारी शाळा जवळ आहे, ती पुरेशी आहे, त्याला दुसरी जागा कशाला? लगोलग मार्चच्या १५ तारखेला संचमान्यतेचे सुधारित निकष आले आणि कमी पटाच्या शाळांतील, विशेषतः सहावी ते आठवीच्या वर्गांवरील पदेच जातील अशी भीती शिक्षक संघटनांनी व्यक्त केली. एका महिन्यात सरकारी शाळा पुरेशी ठरली आणि दुसऱ्या महिन्यात ती परवडेनाशी झाली. पहिला बदल मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयात हस्तक्षेप केला नाही, हे बरे झाले. व्यक्तिशः मला २५ टक्क्यांची ही व्यवस्था फारशी प्रिय नाही. सरकारने आपले काम खासगी शाळांकडून विकत घ्यावे, हा कोठारी आयोगाने सुचविलेल्या समान शाळापद्धतीचा मार्ग नव्हे. परंतु नदीवर पूल नाही आणि नावही काढून घेतली, तर बोलावेच लागते.

आता ज्या मुलांविषयी मला सर्वांत अधिक बोलावयाचे आहे त्यांच्याकडे येतो. सरकारी कागदात त्यांना ‘विशेष गरजा असलेली बालके’ म्हणतात. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले आणि त्यांत स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मेंदूचा पक्षाघात यांचा समावेश आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, तोही जवळच्या शाळेत किंवा त्याच्या इच्छेप्रमाणे विशेष शाळेत. कायदा चांगला आहे. प्रश्न शिकविणाऱ्या माणसाचा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीशकुमार पांडे यांच्या याचिकेवर निकाल देताना विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून देण्याचा आग्रह धरला आणि तोपर्यंत काय मानावे हेही सांगितले. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्र सरकारने शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात भर घातली : पाचवीपर्यंत अशा दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे आठवीपर्यंत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला याच प्रकरणात राज्यांना पदे जाहीर करण्याविषयी पुन्हा फर्मावावे लागले, यावरून मधल्या साडेतीन वर्षांचा हिशेब कळतो. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा आणि समग्र शिक्षा योजनेत वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्या सुमारे तीन हजार विशेष शिक्षकांना त्यांत सामावून घेण्याचा निर्णय केला. या शिक्षकांनी केलेल्या लढ्याचे ते फळ आहे आणि त्याबद्दल त्यांचे अभिनंदन केलेच पाहिजे.

पण ४,८६० हा आकडा कोठून आला? राज्यात शाळांची केंद्रे तेवढी आहेत. प्रत्येक केंद्राला एक पद. मुलांच्या संख्येवरून हा आकडा निघालेला नाही, नकाशावरून निघालेला आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा सुमारे साठ हजार. म्हणजे एका विशेष शिक्षकाकडे सरासरी बारा शाळा. खासगी अनुदानित शाळा वेगळ्या. कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेचे कामाचे दिवस वर्षाला २००. त्याने दुसरे काहीही केले नाही, शिबिरे घेतली नाहीत, अहवाल भरले नाहीत, तरी एका शाळेच्या वाट्याला वर्षातून सोळा दिवस येतात. अशी मुले प्रत्येक शाळेत असतीलच असे नाही, हे मान्य. म्हणून सोळाचे पंचवीस धरा. ब्रेल शिकणाऱ्या मुलाला वर्षातून पंचवीस दिवस अक्षरे भेटणार आणि १७५ दिवस तो वर्गात नुसता बसून राहणार. तो हजेरीपटावर आहे, गणवेश त्याला मिळालेला आहे, पोषण आहार तो घेतो. त्याच्या शिक्षणाविषयी यापलीकडे काही सांगण्याजोगे नसते.

येथेही तीच गंमत पाहा. सर्वसाधारण मुलाच्या बाबतीत पट कमी म्हणून शिक्षक काढून घेतला जातो. अपंग मुलाच्या बाबतीत मुले किती आहेत हे पाहिलेच जात नाही. ज्याला सरासरी सोयीची तिथे सरासरी, आणि जिथे मुले मोजली तर खर्च वाढेल तिथे नकाशा. एक प्रकारे हे कौशल्यच म्हणावयाचे.

मोजणीचीही स्वतंत्र कथा आहे. मूल हिशेबात यायचे तर त्याच्यापाशी प्रमाणपत्र हवे. त्यासाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात खेपा घालाव्या लागतात आणि प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. ज्याचा पाय अधू आहे त्याचे अपंगत्व निदान दिसते. ज्याला अक्षरे उलटी दिसतात किंवा अंक जुळत नाहीत, त्याची अध्ययन अक्षमता मुंबई-पुण्याच्या शाळेत ओळखली जाते. तेथे पालक जागरूक असतात, समुपदेशक असतात, परीक्षेत वाढीव वेळ मिळतो. तेच मूल मराठवाड्यातील एखाद्या वाडीवर जन्मले तर त्याला आपल्या भाषेत एकाक्षरी प्रमाणपत्र मिळते : ‘ढ’. ते मिळविण्यासाठी कोठेही जावे लागत नाही आणि ते आयुष्यभर टिकते.

त्यात सरकारी खात्यांची फाळणी. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, जो डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र झाला. सामान्य शाळांतील समावेशित शिक्षण शालेय शिक्षण विभागाकडे. तपासणी व प्रमाणपत्र आरोग्य विभागाकडे. एकाच मुलाचे कान एका खात्याकडे, पुस्तक दुसऱ्याकडे. श्रवणयंत्र मिळाले आणि त्याचा घट संपला, तर तो कोणी द्यावयाचा, हे विचारीत आई कोणत्या दारात उभी राहणार?

आणि आता दोन्ही प्रश्न कसे एकत्र येतात ते सांगतो. वस्तीवरची शाळा चारशे पावलांवर असते तेव्हा चालू न शकणाऱ्या मुलाला आई कडेवर घेऊन जाते, मोठा भाऊ पाठुंगळी घेतो, कधी शिक्षक स्वतः दुचाकीवर आणतो. शाळा पाच किलोमीटरवर गेली की हे सारे संपते. समूह शाळेच्या गाडीत चाकांची खुर्ची चढविण्याची सोय किती ठिकाणी असेल, याची कल्पना आपण करू शकता. बोलता न येणाऱ्या मुलीला अनोळखी चालकाच्या गाडीत कोणती आई बसवील? घराजवळची शाळा हेच अपंग मुलाला मिळणारे पहिले साहाय्य असते, विशेष शिक्षक दुसरे. शाळा बंद करण्याच्या प्रस्तावात अंतर, पट, खोल्या यांचे रकाने असतात. या वस्तीत अपंग मुले किती आहेत आणि शाळा गेल्यावर ती कशी जातील, हा रकानाही त्यात सक्तीचा केला पाहिजे. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय दिला. तो पालकाने निवडावयाचा पर्याय आहे. शाळा लांब नेऊन त्याच्यावर लादण्याचा नव्हे.

सरासरीच्या हिशेबातून निसटणारा आणखी एक वर्ग आहे, त्याचा उल्लेख थोडक्यात करतो. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. बीडकडची ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात उतरतात. त्यांची मुले सप्टेंबरात गावच्या पटावर मोजली जातात आणि जानेवारीत एखाद्या साखर कारखान्याच्या परिसरात पाचट गोळा करीत असतात. पद बीडमध्ये, मूल कोल्हापुरात. हंगामी वसतिगृहे आणि साखरशाळा हे त्यावरचे उपाय झाले, पण त्यांची उभारणी दरवर्षी नव्याने, उशिरा आणि अपुऱ्या पैशांत होत आली. मूल ऋतूप्रमाणे हलते, पद मात्र तारखेला खिळलेले असते.

पैशाविषयी दोन वाक्ये. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर व्हावा असे सुचविले. त्या आयोगाचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते. १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही राष्ट्रीय धोरणांनी तो आकडा मान्य केला आणि एकाही वर्षी तो गाठला गेला नाही. तेव्हा वीस पटाच्या शाळा परवडत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी आधी आपली सही असलेले सहा टक्के कोठे गेले ते सांगावे.

शेवटी आपण काय करू शकतो याविषयी. मोर्चे काढावेत, ते आवश्यकच आहेत. पण कायद्याने एक हत्यार आपल्या हाती दिले आहे आणि ते बहुतेक ठिकाणी गंजत पडले आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि कलम २२ प्रमाणे त्या समितीने शाळा विकास आराखडा तयार करावयाचा असतो. सरकारी अनुदानांचा आधार हा आराखडा असेल, असे कायदाच म्हणतो. बहुतेक गावांत तो मुख्याध्यापक एका रात्रीत भरतात आणि पालक सही करतात. यंदा तो आपण भरावा. कोणत्या इयत्तेला शिक्षक नाही, कोणते पद कधीपासून रिकामे आहे, वस्तीतील कोणते मूल शाळेत येऊ शकत नाही आणि का, कोणाला उतार हवा आहे, कोणाला ब्रेल, कोणाला श्रवणयंत्राचा घट, विशेष शिक्षक गेल्या वर्षी किती दिवस आला, हे सारे त्यात तारखांसह लिहावे. प्रमाणपत्र नसलेल्या मुलाची गरजही लिहावी. मुलांची नावे चारचौघांत वाचू नयेत, पण आकडा ग्रामसभेत वाचून तो इतिवृत्तात नोंदवावा. आराखड्याची एक प्रत पंचायत समितीच्या आवक-जावक कारकुनाकडे द्यावी आणि दुसरीवर शिक्का व तारीख घेऊन ती समितीने आपल्या कपाटात ठेवावी. हे काम सप्टेंबरच्या तीस तारखेआधी झाले पाहिजे, कारण त्यानंतर पट मोजला जातो आणि पुढील वर्षाचा हिशेब बंद होतो.